आरसी बुकात निळा

गाडी एक दिवसही उभी ठेवायची नाही
या अटीवर रंगकाम सुरू झालं.
अट माझी नव्हे, हप्त्याची.

शनिवारी रात्री उद्यमनगरातली शेवटची खेप टाकून आलो
की बोळात, दिव्याच्या खांबाखाली,
एकच भाग घ्यायचा घासायला.
आज डावा दरवाजा. पुढच्या शनिवारी मडगार्ड.
ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर, मग दोनशेवीस,
मग पाण्यात बुडवून चारशे;
कोपरापर्यंत निळं दूध ओघळायचं.
निळ्याखाली तपकिरी, तपकिरीखाली पांढरा,
पांढऱ्याखाली पत्रा,
आणि पत्र्यात एक पोचा, पुट्टीनं भरलेला,
ज्याबद्दल मागचा मालक
चहा पाजतानाही काही बोलला नव्हता.

सोमवारी सहाला, निम्मी लाल निम्मी निळी,
शिरोलीत फौंड्रीच्या गेटवर.
रेड ऑक्साइड अजून बोटाला येत होता.
वॉचमन धनपाल म्हणाला, "काय रं, भाजलंय व्हय गाडीला?"
"व्हय, मलम लावलंय."
पंपाची केसिंगं भरली, चाळीस नग,
आणि प्रायमरवर बसलेली फौंड्रीची काळी धूळ
पुढच्या शनिवारी पुन्हा घासली.

लक्ष्मीपुरीत एका वेळी एकच लिटर परवडायचं.
डब्यावर तेच नाव, तोच नंबर,
तरी दरवाजाचा निळा शाळेच्या शाईचा
आणि फाळक्याचा रॉकेलच्या पिंपाचा.
कावळा नाक्यावर हवालदारानं कागद मागितले.
आरसी बुकात रंग: निळा.
त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली.
"यातला कुठला?"
पावती फाडायला नव्हे,
खरंच विचारत होता.

हुसेनबापू शिकलगार खुर्ची घेऊन बसायचे.
निम्म्या पेठेच्या नंबरप्लेटा त्यांच्या हातच्या,
आता चहाची बशीसुद्धा दोन्ही हातांनी धरतात.
"थिनर कमी वत. दव पडायच्या आत उरक.
आन् ब्रश उलटा फिरवू नगंस,
म्हशीच्या अंगावरनं हात फिरवतोस तसा फिरीव."
मी म्हैस कधी पाळली नाही. तरी कळलं.

वैजूला गुरुवारी दवाखान्यात न्यायचं होतं.
दार वाळलंय म्हणालो. वाळलं नव्हतं.
तिच्या जांभळ्या शालीला चार बोटं निळा लागला.
डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट सोडून आधी तेच विचारलं.
परत येताना ती खिडकीपासून लांब,
गिअरला गुडघा लावून बसली,
लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी बसायची तशी.

बॉनेट शेवटी ठेवलं होतं.
दिवसभर डोळ्यांसमोर तेच असतं,
हात बसल्यावर करावं म्हणून.
दोन कोट झाले. एकही केस नाही, किडा नाही.
बापू उठून उभे राहिले बघायला.
रविवारी पेठेचा सामना होता,
पोरं बोळाच्या टोकाला उशिरापर्यंत पास मारत होती,
आणि बारक्या श्रेणिकचा एक वरून आला.

धप्.

कुणी हसलं नाही.
चेंडू घरंगळत गटारीपाशी थांबला.
पोरं चेंडू टाकून पळाली, हे मी पहिल्यांदाच बघितलं.
बॉनेटच्या मधोमध एक पंचकोन,
भोवती पाच तुकडे, शिवणीसकट,
तलाठ्याच्या शिक्क्यागत स्वच्छ.
मी फडकं उचललं.
"ओल्याला हात लावू नगंस," बापू म्हणाले.
"सकाळी वाळू दे, घास, परत मार."

सकाळी पाचला गोकुळ शिरगावचा फोन आला,
माल अर्जंट होता.
दुपारपर्यंत इंजिनाच्या धगीनं
तो ठसा पक्का भाजून निघाला.

त्याला आता वर्ष होईल.
घासायला वेळ नव्हता असं नाही.
चारशेचा कागद डॅशबोर्डवर आहे, उन्हानं गोल वळलेला.
धनपाल लांबूनच गेट उघडतो.
श्रेणिक अजून मला बघून भिंतीकडनं जातो,
पण खेळतो त्याच चेंडूनं, एक गाल निळा असलेल्या.

परवा डावा दरवाजा, पहिला रंगवलेला,
उघडताना कडेला नखाएवढा पापुद्रा निघाला.
खाली लाल दिसतोय.
बघू, शनिवारी.